लांडगा भरतो किती?

व्हिडिओ जेमतेम अकरा सेकंदांचा आहे. जानेवारीतली पहाट, उपटायच्या राहून गेलेल्या पऱ्हाट्या, पाटाचा कच्चा रस्ता आणि तो रस्ता आडवा ओलांडणारं एक करड्या रंगाचं जनावर. मध्येच थांबतं, मोटारसायकलच्या उजेडाकडे मान वळवतं आणि काही घाई न करता पलीकडच्या नाल्यात उतरतं. गावातल्या कुणीतरी काढला आणि दुपारपर्यंत तो आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली लगेच वांधा सुरू. कुणी म्हणे कोल्हा. कुणी म्हणे तरस. एका वहिनीला बिबट्या दिसला, पण तो हल्ली कुणालाही कुठेही दिसतो. शेवटी धुळ्याच्या भाच्याने निकाल लावला: 'आत्या, हे गावठी कुत्रं आहे. लांडगा एवढा बारीक नसतो.'

भाच्याकडे रॉकी नावाचा अल्सेशियन आहे, म्हणजे जर्मन शेफर्ड. देवपूरच्या बंगल्याच्या फाटकावर तो उभा राहिला की दूधवाला पिशवी बाहेरच अडकवून पळतो. भाच्याचं म्हणणं असं, की रॉकीसुद्धा या व्हिडिओतल्या जनावराच्या दीडपट आहे. मग कुत्र्याहून लहान तो लांडगा कसला?

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. कारण त्याचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. रॉकी दीडपट आहेच. आणि ते जनावर लांडगाच होतं.

या प्रश्नावरून आमच्या घरात एकदा चांगलंच महाभारत झालेलं आहे. तेव्हा भाच्याचा जन्म व्हायचा होता.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, तालुक्याच्या बाजार समितीत मापाडी होते. सीझनमध्ये, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, ते गावोगाव खेडा खरेदीच्या काट्यावर बसत. व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा, कुणाच्या तरी खळ्यात काटा मांडला जायचा, शेतकरी कापसाच्या गाठोड्या आणायचे आणि नाना मोजायचे. पहिल्या धारणेला ते कधी 'एक' म्हणाले नाहीत. लाभ, मग दोन, मग तीन. घरी पोळ्या मोजतानासुद्धा लाभ. आमच्या घरात 'वजन किती आहे' असं कुणी विचारत नसे, 'किती भरलं' असं विचारत. पोतं नव्वद भरलं, बोकड चौदा भरला, आणि मी दहावीत असताना अठ्ठेचाळीस भरले होते, जे नानांनी साऱ्या गल्लीला सांगितलं.

त्यांचा डोळाच काटा झालेला होता. एका लग्नात बोहल्यावरच्या नवरदेवाकडे बघत ते आईच्या कानात 'बावन्न' म्हणाले. आई डाफरली. पण मला खात्री आहे, तो बावन्नच भरला असता.

तर 1987 सालचा डिसेंबर. आग्रा रोडवर रात्री ट्रकने एक लांडगा उडवला. सकाळी शाळेत निघालेल्या पोरांना तो दिसला आणि त्यांनी तो बैलगाडीत घालून थेट गावात आणला. आज असं कुणी केलं तर गुन्हा आहे. लांडगा 1972 च्या वन्यजीव कायद्यात अगदी पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेल्यालाही हात लावायचा नसतो. तेव्हा तो कायदा आमच्या गावापर्यंत पोचलेला नव्हता. वन खात्याचा माणूस संध्याकाळी आला, पण तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गाडी आली ती खळ्यापाशी, कारण गर्दी तिथे होती. काटा मांडलेला, कापसाचा ढीग, नाना गादीवर. गाडीभोवती माणसं गोळा झाली आणि ज्याने त्याने आकडे सांगायला सुरुवात केली. पोलीस पाटील म्हणाले पन्नास किलो. कुणी दीड मण, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबात साठ. एकाने त्याचा जबडा बघून सत्तर सांगितले. मी गर्दीतून वाकून पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की तो किती हडकुळा आहे. पाय मात्र लांब, एखाद्या उंच पोराचे असतात तसे, अंगाला न शोभणारे. पंजे मोठे. छाती अरुंद, दोन हातांत मावेल एवढी. अर्धवट उघडा डोळा पिवळा.

नाना उठले. गाडीला एक चक्कर मारली. मागचा पाय उचलून सोडला.

'बावीस,' ते म्हणाले. 'जास्तीमा जास्ती तेवीस.'

लोक हसले. मग अर्थातच कुणीतरी म्हणालं, काटा समोरच आहे, करा वजन. रिकाम्या गोणपाटाचा धडा केला, म्हणजे त्याचं वजन आधी वजा केलं, आणि त्यावर लांडगा ठेवला. साडेएकवीस.

क्षणभर सगळे गप्प. आणि मग मागून एक आवाज आला, जो मला आजही तसाच ऐकू येतो: 'काटामा खोट शे.'

पुढचं सांगायची गरज नाही, पण सांगते. पन्नासचा लांडगा साडेएकवीस भरत असेल, तर सकाळपासून मोजलेल्या कापसाचं काय? ज्यांच्या गाठोड्या त्या दिवशी तोलल्या गेल्या होत्या ते सगळे पुढे सरकले. खेडा खरेदीत काटा मारतात हे काही खोटं नाही. आमच्याकडे लहान पोरालाही ते माहीत असतं. नाना मारत नसत असं मी म्हणते, पण मी त्यांची मुलगी, दुसरं काय म्हणणार. त्यांनी छापाची वजनं काट्यावर चढवून दाखवली. वीस किलोचं वजन वीसच भरलं. तीन जणांचा कापूस पुन्हा तोलला, तो पहिल्याइतकाच निघाला. तेव्हा कुठे लोक शांत झाले. पण पटलं कुणालाच नाही. कापसाला काटा बरोबर होता, लांडग्याला मात्र खोटा, असा एक विचित्र तह झाला. गावात अजूनही कुठे कमी तोल वाटला की म्हातारी माणसं म्हणतात, 'लांडगाना काटा शे का?' आणि तो लांडगा दरवर्षी थोडा थोडा वाढतच गेला. मागच्या वर्षी मी ऐकला तेव्हा तो सत्तरच्या पुढे गेलेला होता.

नाना 2004 साली गेले. साडेएकवीस हा आकडा खरा की खोटा, हे कागदोपत्री बघायची बुद्धी मला त्यानंतर झाली, हे जरा लागतं मनाला. मी हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता.

आकडा खराच आहे. भारतीय लांडग्याचा नर साधारण एकोणीस ते पंचवीस किलोंचा असतो, मादी सतरा ते बावीसची. खांद्यापाशी उंची 57 ते 72 सेंटीमीटर. आता रॉकीकडे या. जर्मन शेफर्ड नराचं ठरवून दिलेलं माप 60 ते 65 सेंटीमीटर उंची आणि 30 ते 40 किलो वजन. म्हणजे दोघांना शेजारी उभं केलं तर उंची जवळपास सारखी, आणि तोलायला बसलं तर रॉकी दीडपट, कधी दुप्पटही. भाच्याच्या डोळ्यात मापाड्याचं रक्त आहे हे मान्य करायला हवं. त्याने जनावर बरोबर तोललं. नाव चुकीचं दिलं, इतकंच.

खरी गोम अशी, की आमच्या डोक्यातला लांडगा आमच्याकडचा नाहीच. तो टीव्हीवरच्या बर्फातला आहे. कॅनडा आणि अलास्कातला लांडगा खरोखर मोठा असतो. 1995 साली अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कॅनडातून लांडगे आणून सोडले. तिथले मोठे नर पन्नास किलोंच्या आसपास भरतात. 1939 साली अलास्कात मारलेला एक लांडगा 79 किलोंचा होता. आमच्या पोलीस पाटलांनी तो पाहिला असता तर त्यांचं समाधान झालं असतं. आणि दुसऱ्या टोकाला अरबस्तानच्या वाळवंटातला लांडगा, तो आपल्यापेक्षाही थोडा लहान, वीस किलोंच्या आतबाहेर. हे सगळे एकाच जातीचे. शास्त्रीय नाव तेच, दात तेवढेच, ओरडणं तेच.

मग एवढा फरक का? वर्गात मी याला 'पातेल्याचा नियम' म्हणायचे. खरं नाव बर्गमनचा नियम. कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्ये मांडला. लग्नाच्या पंगतीतली मोठ्या पातेल्यातली आमटी शेवटच्या पंगतीपर्यंत गरम राहते, आणि तीच वाटीत वाढली की भाकरी कुस्करेपर्यंत निवते. अंग वाढलं की वजन भराभर वाढतं, पण ऊब जिच्यातून निसटते ती कातडी त्या मानाने कमी वाढते. म्हणून थंडीच्या मुलखात मोठं अंग परवडतं. आणि जळगाव-भुसावळच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तिथे वाटी व्हावं, पातेलं नाही. कानांचंही तसंच आहे. उष्ण मुलखातल्या प्राण्यांचे कान-पाय अंगाच्या मानाने लांब असतात, उष्णता बाहेर टाकायला. याला ॲलनचा नियम म्हणतात, 1877 चा. त्या दिवशी मला खटकलेले ते लांब पाय उन्हाने लांबवलेले होते.

पातेल्याचा नियम मी पंचवीस वर्षं शिकवला आणि पोरांनी पंचवीस वर्षं पाठ केला. एवढ्याने भागत असतं तर उत्तर ध्रुवाजवळचा पांढरा लांडगा सगळ्यांत मोठा हवा होता. तो नाही. त्याच्या बऱ्याच दक्षिणेला, कॅनडाच्या जंगलात राहणारा लांडगा त्याच्यापेक्षा मोठा असतो. कारण थंडीच्या जोडीला ताटही बघावं लागतं. कॅनडातल्या लांडग्यासमोर मूस नावाचं सांबर असतं, चारशे-पाचशे किलोंचं, आणि कधी त्याहून जड बायसन, म्हणजे तिकडचा रानगवा. ते पाडायला वजन लागतं, जबड्यात जोर लागतो, आणि एकदा पाडलं की कळपाला आठवडाभर पुरतं. ध्रुवाजवळ गवताळ माळ कमी, तिथे कस्तुरी बैल मिळाला तर मिळाला, नाहीतर ससे.

आणि आमच्याकडे? चिंकारा, तो वीस-पंचवीस किलोंचा. काळवीट, जिथे अजून आहे तिथे. ससा, उंदीर, घोरपड. आणि मुख्य म्हणजे ठेलाऱ्यांच्या, म्हणजे भटक्या मेंढपाळांच्या, मेंढ्या आणि गावाच्या शेळ्या. यातल्या कशालाच लोळवायला पन्नास किलोंचा पहिलवान लागत नाही. लागतो तो पळणारा, दबणारा, दोन दिवस उपाशी राहून तिसऱ्या दिवशी एका कोकरावर भागवणारा. मोठ्या अंगाला रोज मोठी भाकर लागते. दुष्काळी भागात सहा फुटी मुलगा वाढवणं काय असतं ते आमच्या आईला विचारायला हवं होतं. माझा थोरला भाऊ 1972 च्या दुष्काळात अठरा वर्षांचा होता आणि त्याच्या भुकेची आठवण ती मरेपर्यंत काढायची, कौतुकाने आणि जराशा रागाने.

हा छोटा लांडगा म्हणजे मोठ्याचं खुरटलेलं रूप, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. तसं मुळीच नाही. गेल्या वीसेक वर्षांत जनुकांवरचं जे संशोधन झालं, त्यात भारतीय लांडग्याची वंशशाखा जगातल्या लांडग्यांमध्ये फार जुनी निघाली. बाकीच्या बऱ्याच शाखा त्यानंतरच्या. त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेही दख्खनातून. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची खानेसुमारी करत हिंडत होता. पिकं, बाजारभाव, माणसं मोजता मोजता त्याने जनावरंही नोंदली आणि 1831 मध्ये यादी छापली. लांडग्याला त्याने नाव दिलं पॅलिपीस, फिकट पायांचा. मला हे नाव आवडतं. त्याने जबडा नाही पाहिला, पाय पाहिले. नाना असते तर त्यांचं आणि साइक्सचं जमलं असतं, दोघेही मोजणारेच.

नंतरच्या इंग्रज राजवटीत हाच लांडगा मारून आणणाऱ्याला इनाम मिळायचं. आता अख्ख्या देशात तो तीनेक हजार उरला असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांच्याच आसपासचा आकडा हा. पण वाघाला जंगल आहे, नाव आहे, जिप्सी आहे. लांडग्याला माळ आहे, आणि माळ आमच्या सातबाऱ्यावर पोटखराबा असतो.

आता कुत्र्यांकडे वळते, कारण भाच्याचा मूळ प्रश्न तिथून आला होता.

लांडग्यांत वीस ते ऐंशी किलो, म्हणजे चौपट फरक. कुत्र्यांत बघा. चिवावा दोन-तीन किलोंचा, आमच्या भरताच्या दोन वांग्यांएवढा. (ही वांगी बामणोदकडची, हसू नये.) आणि इंग्लंडमधल्या झोरबा नावाच्या मॅस्टिफचं वजन 1989 मध्ये 155 किलो नोंदलं गेलं. पावणेचार मण कुत्रा! सगळ्यांत मोठ्या लांडग्याच्या दुप्पट. हे काम हवामानाने केलेलं नाही, माणसाने केलं. ज्याला जे आवडलं त्याने ते निवडलं, वाढवलं, पुन्हा निवडलं.

यात मला सगळ्यांत गमतीचं वाटलं ते वेगळंच. अंगाची वाढ ठरवणाऱ्या एका जनुकाचं 'लहान' आणि 'मोठं' असं दोन प्रकारचं रूप कुत्र्यांत सापडतं. लहान कुत्र्यांत बहुधा लहान रूप. सगळ्यांना वाटलं, हे लहान रूप माणसाने कुत्रा पाळल्यावर आलं असणार. 2022 मध्ये कळलं की उलट आहे. लहान रूप फार जुनं. कोल्ह्यातही तेच आहे. मोठं रूप नंतरचं, आणि ते सायबेरियातल्या 50 हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांत सापडलं, म्हणजे माणसाच्या दावणीला पहिला कुत्रा यायच्याही आधी. तेव्हा मूळ माप छोटं, मोठेपणा नंतरचा.

लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा हवा, ही हौस जुनीच. जर्मन शेफर्ड 1899 मध्ये माक्स फोन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या कॅप्टनने नावारूपाला आणला, तो मेंढ्या राखायला. लांडग्यासारखा दिसतो ही वरची मिळकत. पण त्यावर काहींचं समाधान झालं नाही. हॉलंडच्या लेंडर्ट सारलोस याने 1930 च्या दशकात शेफर्ड आणि प्राणिसंग्रहालयातली लांडगीण यांचा संकर सुरू केला. त्याला जास्त कणखर कामाचा कुत्रा हवा होता. निघाला तो लाजाळू, अनोळखी माणूस दिसला की मागे सरणारा. चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांनी 1955 पासून सीमेवरच्या पहाऱ्यासाठी तसाच प्रयोग केला. ब्रिटा नावाची कार्पेथियन डोंगरातली लांडगीण आणि सेझार नावाचा शेफर्ड, त्यांची पहिली पिल्लं 1958 ची. त्यातून तयार झालेल्या जातीचं किमान माप नराला 65 सेंटीमीटर आणि 26 किलो. हे किमान बरं का. म्हणजे लांडग्यासारखा दिसावा म्हणून मुद्दाम तयार केलेल्या कुत्र्यातलं सगळ्यांत हलकं नर-वजनसुद्धा आमच्या आग्रा रोडवरच्या अस्सल लांडग्यापेक्षा जास्त.

एक अपवाद म्हणजे सायबेरियन हस्की. त्याचा नर वीस ते सत्तावीस किलोंचा. बर्फातला तो गाडी ओढणारा कुत्रा आणि खान्देशच्या माळावरचा लांडगा तागडीच्या दोन पारड्यांत बसवले तर काटा मध्ये उभा राहील. जळगावला आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे हस्की आहे. एप्रिल ते जून त्याच्या खोलीत एसी चालतो आणि त्याला दही-बर्फ मिळतं. येणारे-जाणारे म्हणतात, 'बापरे, लांडगाच पाळलाय!' त्याच वेळी तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर, तितक्याच वजनाचा खरा लांडगा कुठल्या तरी नाल्यातल्या करवंदीच्या सावलीत जीभ बाहेर काढून पडलेला असणार. त्याला लांडगा कुणी म्हणत नाही.

आणि यात एक धोकाही आहे, जो मला उशिरा समजला. आमच्या गावठी कुत्र्याचं वजन पंधरा ते पंचवीस किलो. लांडग्याच्या अगदी जवळ. कॅनडातल्या पन्नास किलोंच्या लांडग्याला असा बरोबरीचा सोयरा गल्लोगल्ली भेटत नाही. आमच्याला प्रत्येक उकिरड्यावर भेटतो. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्र्याच्या संकराची पिल्लं असल्याचं 2023 मध्ये जनुकं तपासून सिद्ध झालं. माळ आक्रसला, कचऱ्याचे ढीग वाढले, कुत्री वाढली. एकटी पडलेली लांडगीण कुत्र्याबरोबर जोडा जमवते. मग पुढच्या पिढीला तुम्ही काय म्हणाल, कुठल्या काट्यावर ठेवाल? भाच्याने व्हिडिओतल्या जनावराला गावठी कुत्रं म्हटलं, ते आज चूक आहे. पन्नास वर्षांनी बरोबर ठरू शकतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

ओळखायचं कसं, ते ग्रुपवर लिहिलं एकदाचं. शेपूट बघा, लांडग्याची खाली सरळ लोंबते, कुत्र्यासारखी वर वळत नाही. पाठ बघा, सपाट. रॉकीसारखी मागे उतरती नाही. चाल बघा, मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो, एका ओळीत, जणू सुई-दोऱ्याने टीप घातलीय. डोळे पिवळे. एवढं सगळं लिहिल्यावर भाच्याने अंगठा पाठवला. वहिनींनी विचारलं, मग बिबट्या नाही ना नक्की?

फेब्रुवारीत मी साक्री तालुक्यात गेले होते, मैत्रिणीकडे. ब्राह्मणवेलच्या बाजूला माळावर पवनचक्क्यांची नुसती रांग आहे, शेकड्यांनी. तिथे ठेलाऱ्यांचा वाडा उतरला होता. मेंढ्या, दोन घोडे, कोंबड्या, जाळीत बांधलेली कोकरं. म्हातारा बाबा काथ्या वळत बसला होता. मी माझ्या मोडक्या अहिराणीत विचारलं, बाबा, इकडे लांडगा येस का?

'येस ना.'

'कितला मोठा ऱ्हास?'

तो माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी त्याला मेंढीला पाय किती असं विचारलं होतं. मग पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. 'हाऊ इतलाच. पन पाय लांब ऱ्हातस.' आणि थोडं थांबून, 'माले काय इचारतस बाई, मेंढीसले इचारा.'

मागच्या पंधरवड्यात त्याची दोन कोकरं गेली होती. सरकारी भरपाई मिळते असं मी म्हटलं, तर तो फक्त हसला. पंचनामा, फोटो, वन खात्याचं ऑफिस. तोवर वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो. राग होता का त्याला? होता, पण पोलीस पाटलांसारखा मोठ्या आकड्यांचा नव्हता. लांडग्याला तो केवढा आहे तेवढाच धरून राग होता. पन्नास किलो म्हणणाऱ्यांपैकी कुणाचीच शेळी कधी लांडग्याने नेलेली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ज्याची जाते तो अचूक सांगतो.

ऊन कलल्यावर आम्ही टेकाडाच्या कडेने परत निघालो. पवनचक्क्यांच्या सावल्या गवतावरून फिरत होत्या, लांबलचक, जवळ आल्या की अंग चोरावंसं वाटायला लावणाऱ्या. मैत्रिणीने हात धरून थांबवलं. खालच्या उतारावर, वाड्यापासून बऱ्याच अंतरावर, गवतात काहीतरी चालत होतं. रंग गवताचाच. शेपूट खाली. मी मनातल्या मनात तोललं, बावीस, जास्तीत जास्त तेवीस. मग त्याच्या मागून दुसरं निघालं, पहिल्याच्या ठशात पाय टाकत.

लाभ, मी म्हणाले. दोन.

मागे आणखी एक होतं. जरा आखूड, अंगावर पांढरा पट्टा, आणि शेपूट किंचित वर उचललेली. ते बराच वेळ थांबून वाड्याकडे बघत राहिलं, मग त्या दोघांच्या मागे गेलं. मी तीन म्हणाले नाही.